पाठीवरचे पान

या, जवळ या. मागे बसलेल्यांनी पुढे सरका, लेकरांना मांडीवर घ्या. आजची गोष्ट आवाज चढवून सांगायची नाही. कीर्तनाला उभा राहिलेला माणूस आधी देवाला हात जोडतो, मग श्रोत्यांना, आणि मगच आख्यानाला लागतो. आपणही तसेच करू. ज्याने आपल्यातल्या एकेकाला नावाने हाक मारून या जगात आणले, त्याला वंदन. आख्यान एका नावाचे आहे. ते थंड मुलखातून निघाले, वसईच्या एका घरात वस्तीला राहिले, समुद्र ओलांडून दुबईला आले आणि बाप्तिस्म्याच्या आदल्या दिवशी ऐन दारात अडले. ते आत कसे आले हे ऐकलेत, तर घरी जाताना स्वतःचे नावही जरा जपून उच्चाराल.

शुक्रवारची दुपार होती. दुबईतल्या अल मनखूल भागात, चौथ्या मजल्यावरच्या घरात ग्रेसी खिडकीशी बसून नातवाच्या पांढऱ्या झबल्यावर हिरव्या दोऱ्याने पान भरत होती. भेंडाच्या झाडाचे पान, देठाशी रुंद, टोकाला निमुळते, पाठीवर, दोन खांद्यांच्या बरोबर मधोमध. उद्या सकाळी दहाला चर्चमध्ये बाप्तिस्मा होता आणि देठ अजून भरायचा राहिला होता.

हे पान भरायचा मान घरातल्या सुनेचा. ग्रेसीच्या सासूने ते आपल्या थोरल्या मुलाच्या, म्हणजे सिगूभाऊजींच्या झबल्यावर भरले होते, एकाहत्तर वर्षांपूर्वी. त्यानंतर सिगफ्रीड हे नाव घरात कुणाला दिले गेले नव्हते. ग्रेसीच्या मुलाला, लेस्टरला, द्यायचे होते. पण रीत अशी, की त्याच नावाच्या जिवंत माणसाने बाळाच्या पाठीवर, त्या पानावर, हात ठेवायचा. तो नसेल तर नाव द्यायचे नाही. लेस्टरच्या वेळी खोर फक्कान बंदरातून भाऊजींचा निरोप आला, सुट्टी मिळत नाही. म्हणून लेस्टर लेस्टर राहिला. आता लेस्टरला मुलगा झाला होता, चार महिन्यांचा, आणि भाऊजी निघाले होते.

तीन वाजता बेल वाजली. दारात सिगूभाऊजी, हातात थर्माकोलचा खोका.

"सुरमई आहे. पहाटेची. अलीमियाँनी बर्फ लावून दिलीय."

"अहो, केवढी ही? पाच किलो तरी असेल," ग्रेसी म्हणाली.

"असू दे. नाव ठेवायचं म्हणजे काय साधी गोष्ट."

पोर्टातली नोकरी संपल्यावर भाऊजी खोर फक्कानलाच राहिले होते. अलीमियाँच्या दुकानात जहाजाचे दोरखंड आणि साखळ्या सांभाळायचे. लग्न केले नाही. वर्षातून दोनदा यायचे, नाताळला आणि वसईकरांच्या सणाला, आणि जेवून बसने परत. एवढा मोठा देह, पण घरात वावरताना आवाज नाही.

झेवियर, ग्रेसीचा नवरा, देरा भागातल्या शिपिंगच्या ऑफिसातून नुकताच आला होता. सदुसष्ट वर्षांचा हा माणूस भावाला बघून लहान झाला. "ये, दादा. उद्या तुझाच दिवस. मी सगळ्यांना सांगितलंय, पहिल्या सिगफ्रीडपासून चौथ्यापर्यंत, एक हात तुटलेला नाही. एकशे दहा वर्षं. कुठल्या शेखच्या घरात असेल अशी गोष्ट?"

भाऊजी हसले नाहीत. ते सोफ्याच्या कडेला बसले. लेस्टरची मोठी मुलगी मिहिका, सात वर्षांची, त्यांच्या गुडघ्याशी आली.

"सिगूआजोबा, वॉज देअर रिअली अ ड्रॅगन?"

"होता ना. आमच्या पोर्टातली क्रेन आडवी झोपवली तर होईल, एवढा. जर्मनांच्या देशात. आणि तिथे एक पोरगा होता, सिगफ्रीड त्याचं नाव. माझंच. त्याने तो ड्रॅगन मारला आणि त्याच्या रक्ताने आंघोळ केली."

"ईव. ग्रॉस."

"ग्रॉस तर ग्रॉस. पण त्याने त्याचं अंग असं घट्ट झालं, की तलवार लागेना, भाला लागेना. फक्त आंघोळ चालली असताना झाडावरून एक पान गळलं आणि इथे चिकटलं." त्यांनी हात मागे नेला, पण खांद्यापर्यंतच पोचला. "पानाखाली रक्त गेलं नाही. तेवढी जागा तुझ्या-माझ्यासारखी राहिली. मऊ."

"देन?"

"मग एक खोटा मित्र त्याच्या बायकोला म्हणाला, लढाईत मी त्याची पाठ राखतो, फक्त जागा कुठली ते दाखव. तिने विश्वासाने त्याच्या अंगरख्यावर, बरोबर त्या जागी, दोऱ्याने खूण भरली. तो झऱ्यावर पाणी प्यायला वाकला. आणि त्या मित्राने खुणेवर नेम धरला."

ग्रेसीच्या हातातली सुई थांबली. ही गोष्ट तिने शंभरदा ऐकली होती. तिचे वडील वसईत कीर्तन करायचे. चर्चच्या पटांगणात पेटी आणि झांजा घेऊन मोझेसपासून सगळी आख्याने गायचे, आणि हिचे लग्न या घरात ठरले तेव्हा त्यांनी या नावावरही एक आख्यान रचले होते. पण सुई हातात असताना ती आज पहिल्यांदा ऐकत होती. तिने समोरच्या हिरव्या पानाकडे पाहिले. तीही तेच करत होती. त्याच जागी. तितक्याच विश्वासाने.

"सो व्हाय डू वी पुट द लीफ?" मिहिका म्हणाली. "दॅट्स डेंजरस."

"हुशार आहेस. तेच आमच्या पणजीने ब्रदरना विचारलं होतं." भाऊजींचा आवाज खाली आला. "वसईला मिशनच्या दवाखान्यात एक जर्मन ब्रदर होते. ब्रदर सिगफ्रीड. पणजीचं बाळंतपण अडलं, तेव्हा दोन दिवस दारातून हलले नाहीत. पोर जगलं, तिने त्यांचं नाव ठेवलं. पुढे लढाई लागली आणि इंग्रजांनी सगळ्या जर्मनांना धरून परत पाठवायचं ठरवलं. जायच्या दिवशी ब्रदर पोराला बघायला आले. म्हणाले, माझ्या नावाचा माणूस पाठीवरच्या घावाने मेला, कारण तिथे कुणाचा हात नव्हता. मी हात ठेवून जातो. पुढे हे नाव ज्याला द्याल त्याच्या पाठीवर या नावाच्या माणसाने हात ठेवायचा. पान भरून ठेवा, म्हणजे जागा चुकणार नाही."

आणि मग ते ग्रेसीच्या वडिलांचे पद गुणगुणले. आवाज जाड, पण सूर सच्चा.

*सारे अंग झाले पोलाद, पाठ राहिली उघडी,*
*देवा, तुझ्या हातावाचून कोण झाकील तेवढी?*

बाळ पाळण्यात डोळे उघडे ठेवून पडले होते.

लिनेटने, लेस्टरच्या बायकोने, घसा साफ केला. ती दुबईतच वाढलेली, चर्चच्या क्वायरमध्ये गाणारी. "सिगू अंकल, तुम्ही सांगता तेव्हा एकदम भारी वाटतं. पण खरं सांगू? उद्या स्कूलमध्ये टीचरला हे नाव म्हणता येणार नाही. पोरं चिडवतील. मी अंश म्हणत होते. छोटं आहे, छान आहे."

"लिनेट, हे तीन महिन्यांपूर्वी ठरलंय," झेवियर म्हणाला. "फादरना नाव लिहून दिलंय. डिस्कशन खलास."

लेस्टर मोबाइलमध्ये बघत राहिला. त्याचे मौन वडिलांच्या बाजूचे होते, आणि लिनेटला ते माहीत होते.

"झेवू," भाऊजी म्हणाले. "तिचं ऐक. अंश ठेवा."

"काय?"

"मी उद्या हात ठेवू शकत नाही. माझ्या पाठीवर कुणी ठेवलेलाच नाही."

झेवियर हसला, विनोद कळला नाही की माणूस हसतो तसा. "काय बोलतोस? काका आले होते ना. दुसरे सिगफ्रीड. बसऱ्याहून, बोटीवरून तसेच चर्चमध्ये. अंगाला खाऱ्या पाण्याचा वास, हातात खजुराचा डबा. आई सांगायची, सगळी वसई सांगते."

"डबा खरा आहे. डबा पार्सलने आला. काका आले नाहीत." भाऊजींनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "बोट लांबली. एक आठवडा, मग दुसरा. मला ताप होता. आजोबा, पहिले सिगफ्रीड, तर आधीच गेलेले. फादर म्हणाले, पोर बाप्तिस्म्यावाचून गेलं तर काय उत्तर द्याल? तेव्हा आईने खुंटीवरचा काकांचा सदरा काढला आणि त्याची बाही माझ्या पाठीवर ठेवली. काका आले की खरा हात ठेवतील, असं ठरलं. लोकांना सांगितलं, येऊन गेले, घाईत होते. पण काका परत आलेच नाहीत. इराणात आबादानला तापाने गेले, तिथेच पुरलं."

"हे तुला कुणी सांगितलं?"

"आईने. एकोणनव्वद साली, जायच्या आधी."

लेस्टर जन्मला एक्याण्णवला. ग्रेसीच्या मनात दोन साले एकमेकांशेजारी येऊन उभी राहिली. "म्हणून तुम्ही लेस्टरच्या वेळी आला नाहीत."

"सुट्टी मिळाली होती, वहिनी. मी पोर्टाच्या बाहेर दिवसभर चहा पीत बसलो."

झेवियर उठून उभा राहिला. "छत्तीस वर्षं. छत्तीस वर्षं गप्प बसलास, आणि आज सांगतोस? पाच किलो सुरमई घेऊन?"

"येताना बसमध्ये तीनदा वाटलं, उतरून परत जावं."

"मग जायचंस. नाहीतर उद्या ठेव हात, कुणाला कळणार आहे? सत्तर वर्षं चाललं ना?"

"मला कळणार आहे. बाप्तिस्म्याच्या कुंडापुढे उभं राहून, पोराच्या अंगाला हात लावून खोटं बोलू?" ते थांबले. "आणि नुसती खोट्याची गोष्ट नाही. अठ्ठ्याण्णव साली मी आजारी होतो, आठवतं? पाठ धरलीय म्हणून कळवलं होतं."

ते उठले, भिंतीकडे तोंड केले आणि शर्ट मागून वर उचलला. दोन खांद्यांच्या मधोमध, तळहाताएवढ्या जागेत, कातडी सुरकुतून आत ओढली गेली होती.

"कंटेनर बांधायचा लोखंडी रॉड. माझाच पाय घसरला, माझ्याच हातून सुटला. एवढी मोठी पाठ, एवढा मोठा देह. पडला कुठे ते बघा. चार महिने पालथा होतो."

ग्रेसीच्या मांडीवर झबले होते आणि समोर ती पाठ. तिने भरलेले पान आणि ती जखम एकाच मापाची होती. तिला मांडीवरचे कापड जड वाटू लागले.

लिनेट उठली. तिने हळूच, आपल्या बाळाचे कपडे सावरावे तसा, भाऊजींचा शर्ट खाली ओढला.

"ठीक आहे," झेवियर म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "अंश तर अंश. मी फादरना फोन करतो." तो आत गेला आणि दार लावून घेतले.

"नाही," लिनेट म्हणाली.

लेस्टरने मान वर केली. "अगं, तुलाच तर अंश पाहिजे होतं."

"मघापर्यंत. मघापर्यंत ते मला नुसतं जुनं नाव वाटत होतं. आता ते एका माणसाचं आहे." ती भाऊजींच्या समोर जमिनीवर बसली. "अंकल, ब्रदर नेमकं काय म्हणाले होते? या नावाचा माणूस. आपल्या घरातलाच पाहिजे, असं म्हणाले होते का?"

भाऊजींनी मान हलवली. "असं काही म्हणाले नाहीत. पण आपल्या घराबाहेर हे नाव कुणाचं असणार?"

"वसईत नसेल. ही दुबई आहे." तिने फोन उचलला.

"काय करणार आहेस?" लेस्टर म्हणाला. "क्लासिफाइडमध्ये टाकणार? वॉन्टेड, वन सिगफ्रीड, इमिजिएट जॉइनिंग?"

"क्वायरच्या ग्रुपवर टाकते. तिथून कोकणीवाले, मल्याळीवाले, फिलिपिनो, सगळ्यांचे ग्रुप आहेत. इन्शाल्ला एक तरी मिळेल. तू हसू नकोस, जरा बाजूला सर, बाळाचा फोटो घेऊ दे."

स्वयंपाकघरात ग्रेसी आणि भाऊजी सुरमई साफ करायला बसले. ते तुकडे करत होते, ती हळद-मीठ लावत होती.

"एवढी वर्षं कशी काढलीत?" तिने विचारले.

"सवय होते. नळाला वाकून पाणी पीत नाही. चर्चमध्ये शेवटच्या बाकावर, भिंतीला पाठ लावून. बसमध्ये मागची सीट. लग्न... लग्न करून घरी बायको आणायची, पोर होणार, आणि सगळे म्हणणार हेच नाव ठेवा. मग काय सांगू? नाव आहे, पण चोरीचं. ब्रदरांचा हात माझ्यापर्यंत पोचलाच नाही."

ग्रेसीला अल्बममधले फोटो आठवले. लग्ने, पहिले कम्युनियन, सण. प्रत्येक फोटोत भाऊजी मागे, खांबाला किंवा भिंतीला टेकलेले. ते लाजाळू आहेत असे ती चाळीस वर्षे सगळ्यांना सांगत आली होती.

"उद्या कुणी आलं नाही तर?" ती म्हणाली.

"तर अंश. चांगलं नाव आहे. त्या पोराची पाठ तरी कुणाच्या नजरेत येणार नाही." त्यांनी सुरी धुतली. "वहिनी, मला पोराला नाव द्यायचं होतं. लई मनापासून द्यायचं होतं. बाकी मला काय द्यायला आहे?"

शनिवारी सकाळी नऊ वाजता चर्चच्या आवारात नेहमीची गर्दी होती. आत इंग्रजी मिस्साची उपासना चालू, बाहेर मल्याळी मंडळी, सावलीत फिलिपिनोंच्या तागालोगमध्ये गप्पा, कुणी मेणबत्त्या लावतेय, कुणी पार्किंगसाठी भांडतेय. ग्रेसी बाळाला घेऊन उभी होती. पानाचा देठ तिने सकाळी उठून पुरा केला होता. का, ते तिलाही सांगता आले नसते. झेवियर सूट घालून दहा पावले दूर उभा होता. भाऊजी भिंतीशी.

साडेनऊपर्यंत कुणी आले नाही. लिनेट फाटकाकडे बघून बघून थकली. "मेसेज तर चारशे लोकांनी बघितलाय," ती पुटपुटली. लेस्टरने या वेळी चेष्टा केली नाही. तो तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

मग काठी टेकत एक म्हातारे गृहस्थ आले, कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. "बच्चा किधर है? मैं सिगफ्रीड. मंगलोर. मेरी बहू ने मेसेज दिखाया."

त्यांच्यामागे एक फिलिपिनो तरुण, हॉटेलच्या लाँड्रीचा गणवेश तसाच अंगावर. तोही सिगफ्रीड; त्याच्या बापाने रेडिओवर नाव ऐकून ठेवलेले. मग एक नर्स आली, केरळची, हसत हसत, म्हणाली माझं नाव सिगफ्रीडा आहे, बाई चालते का? "चालते म्हणजे? या," लिनेट म्हणाली आणि तिला मिठीच मारली. गोव्याचा एक आचारी आला, सोबत बायको आणि दोन पोरे घेऊन. श्रीलंकेचा एक ड्रायव्हर आला. नंतर उन्हाने लाल झालेला एक उंच गोरा माणूस गर्दीतून वाट काढत आला आणि त्याने अवघडून सगळ्यांकडे पाहिले. जहाजांची तपासणी करणारा इंजिनिअर. खुद्द जर्मन.

आणि सगळ्यांत शेवटी, जवळजवळ धावत, निळ्या युनिफॉर्ममधला एक सिक्युरिटी गार्ड. आफ्रिकेतल्या टोगोचा. मोडक्या इंग्रजीत म्हणाला, दहा मिनिटे आहेत, मग ड्युटी.

ग्रेसी बघत राहिली. एका घराचे म्हणून शंभर वर्षे मुठीत धरलेले नाव, आणि ते इतक्या चेहऱ्यांवर, इतक्या रंगांवर, इतक्या गावांत कधीचे चालत होते. कुणी पेरले, कुणी नेले, कुणाला माहीत नाही. तिच्या वडिलांनी आयुष्यभर कीर्तनात देवाचा महिमा गायला. आज तो महिमा प्लास्टिकच्या खुर्च्यांमध्ये उभा राहून घाम पुसत होता.

लिनेटने सगळ्यांना गोष्ट सांगितली, इंग्रजीत, मधे हिंदीत. ड्रॅगन, पान, ब्रदर, सदऱ्याची बाही. मंगलोरचे आजोबा मान हलवत राहिले. गोष्ट संपली तेव्हा तो जर्मन काहीतरी म्हणाला, हळू आवाजात.

"काय म्हणतायत?" भाऊजींनी विचारले.

लिनेटचे डोळे भरले होते. "म्हणतायत, आमच्याकडे ही गोष्ट प्रत्येक पोराला माहीत आहे. ते पान सगळ्यांना माहीत आहे. आम्ही ती शेकडो वर्षं सांगतोय, आणि तिथे हात ठेवावा, हे आमच्यात कुणाला सुचलं नाही."

भाऊजी भिंतीपासून निघाले. आवाराच्या मध्यावर एक खुर्ची होती, तिच्यावर बसले आणि पुढे वाकले, कोपरे गुडघ्यांवर टेकून, सगळ्या जगाकडे पाठ करून. ग्रेसीने त्यांना असे बसलेले कधी पाहिले नव्हते. त्यांचा शर्ट घामाने चिकटला होता आणि पाठ थरथरत होती.

तेव्हा झेवियर पुढे आला. त्याने खिशातला रुमाल काढला आणि भावाची मान पुसली, खांदे पुसले. "दुखतं का रे अजून?" त्याने विचारले.

"थंडीत. जरासं."

"मला का नाही सांगितलंस, दादा?"

"तू सगळ्यांना सांगत फिरायचास, झेवू. एक हात तुटला नाही म्हणून. एवढा आनंदाने."

झेवियर बाजूला झाला आणि मंगलोरच्या आजोबांना हाताला धरून पुढे आणले.

आजोबांनी काठी लेस्टरकडे दिली, क्रूसाची खूण केली आणि हात ठेवला. मग लाँड्रीतला पोरगा. मग नर्स, तिचा हात सराईत होता, जखम कुठे आहे ते तिला शर्टावरून कळले. आचारी, ड्रायव्हर. जर्मनाचा मोठा लाल हात. शेवटी गार्ड. त्याने टोपी काढली, डोळे मिटले, आणि त्याच्या भाषेत इतका वेळ काही बोलत राहिला, की बाजूचे मल्याळी लोक गप्प झाले, मेणबत्त्या लावणारी बाई वळून बघू लागली. भाऊजींची पाठ हळूहळू थरथरायची थांबली.

दहा वाजता फादरांनी विचारले, या बाळाचे नाव काय ठेवता? झेवियरने तोंड उघडले, पण त्याच्याआधी लिनेट बोलली. "सिगफ्रीड." तिचा आवाज अख्ख्या चर्चला ऐकू गेला. पाणी पडले, बाळ रडले, लिनेटने त्याला पालथे धरले, आणि सिगूभाऊजींनी आपला हात, दोरखंडांनी खरखरीत झालेला तो हात, त्या हिरव्या पानावर ठेवला. पान पूर्ण झाकले गेले. बाळ रडायचे थांबून हात कुणाचा आहे ते मान वळवून शोधू लागले.

"ही इज लुकिंग फॉर यू, आजोबा," मिहिका कुजबुजली.

बाहेर आल्यावर भाऊजी एकेकाला गाठू लागले. "तुमच्या पाठीवर कुणी ठेवला होता?" कुणीच ठेवलेला नव्हता, त्यांच्या घरांत ही रीतच नव्हती. "मग वाका," ते म्हणत. "वाकिये, साहब." आजोबा वाकले, नर्स वाकली, आचारी, ड्रायव्हर, लाँड्रीतला पोरगा वाकला आणि वर उठेना, मग भाऊजींनी त्याला तसेच थोपटले. तो उंच जर्मन तर गुडघ्यांवरच बसला. सहा पाठी. भाऊजी सातवी शोधू लागले.

"तो गार्ड कुठे गेला?"

त्याची दहा मिनिटे केव्हाच संपली होती. बाप्तिस्मा सुरू व्हायच्या आधीच तो धावत गेला, असे लेस्टरने पाहिले होते. एकाहत्तर वर्षांचा माणूस फाटकापर्यंत पळत गेला. रस्त्यावर गाड्या होत्या, टॅक्स्या होत्या, निळा युनिफॉर्म कुठेच नव्हता. कुठल्या बिल्डिंगवर ड्युटी, विचारले नव्हते. आडनाव, विचारले नव्हते. लिनेटने ग्रुपवर पुन्हा पुन्हा टाकले. उत्तर आले नाही. भाऊजी अजूनही महिन्यातून एकदा खोर फक्कानहून येतात आणि त्या फाटकाशी उभे राहतात, आता भिंतीपासून लांब.

तर मंडळी, ज्याने दुसऱ्याची पाठ झाकली आणि आपली उघडी ठेवून कामावर गेला, तो एक माणूस या शहरात कुठल्यातरी दारात आता उभा असेल. प्रार्थनेला बसाल तेव्हा त्याची आठवण करा. फक्त सिगफ्रीड म्हणा. आडनाव आपल्याला ठाऊक नाही, देवाला आहे. आणि चुकून त्या नावाच्या दुसऱ्या कुणाला तुमची प्रार्थना लागली, तरी त्यालाही ती हवीच असेल.